सिल्लोड : घाटमाथ्यावरच्या वाढत्या शहराचा आढावा

सिल्लोडचा मतदार लोकसभेला जालन्याचा खासदार निवडतो. महसुलाचे, जिल्हा परिषदेचे काम असले की तो छत्रपती संभाजीनगरला जातो. सोने, लग्नाचा बस्ता किंवा कापसाचा भाव यांची गोष्ट निघाली की त्याच घरात जळगावचेही नाव निघते. विधानसभेच्या मतदारसंघात सिल्लोडला जोडलेला सोयगाव तालुका तर घाट उतरून खाली, तापीच्या खोऱ्यात आहे. एका तालुक्याच्या गावाला तीन दिशांनी ओढणारी ही रचना नकाशे आखणाऱ्यांच्या लहरीतून आलेली नाही. ती जमिनीच्या उतारातून, जुन्या वाटांतून आणि गेल्या दोनशे वर्षांच्या सरहद्दींतून घडली आहे. सिल्लोडबद्दल बोलताना बहुतेक जण 'अजिंठ्याला जाताना लागते ते गाव' एवढ्यावर थांबतात. या गावाने स्वतःच्या बळावर काय उभे केले आणि त्याची वाढ कुठे अडते आहे, हे पाहायचे तर अजिंठ्याची लेणी थोडी बाजूला ठेवून सुरुवात डोंगरापासून करावी लागते.

सातमाळा-अजिंठा रांग गोदावरी आणि तापी या दोन खोऱ्यांच्या मधोमध पूर्व-पश्चिम पसरली आहे. दख्खनच्या बेसाल्टचे थर इथे उत्तरेकडे एकदम तुटतात. खानदेशातून पाहिले तर डोंगराची उंच भिंत दिसते. सिल्लोडकडून गेले तर मात्र डोंगर आला हे कळतही नाही, कारण सपाट माळावरून चालता चालता अचानक पायाखाली दरी उघडते. अजिंठा गावाकडून फर्दापूरला उतरणारा घाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे सांगायला नको. दक्षिणेकडचा उतार इतका मंद आहे की पाणी घाई न करता आग्नेयेला वाहते. पूर्णा, खेळणा, अंजना या नद्या याच रांगेच्या पाठीवर उगम पावतात आणि भोकरदन, जाफराबादच्या दिशेने जातात. पूर्णा पुढे गोदावरीला मिळते. उत्तरेच्या कड्यावरून उडी घेणारी वाघूर लेण्यांच्या नालाकृती दरीतून निघून तापीकडे वळते.

जमिनीचा पोतही याच रचनेवर ठरला आहे. माथ्याजवळ अंभई, हळदा, उंडणगावच्या बाजूला बरीच जमीन हलकी आणि मुरमाड, तर नद्यांच्या काठाला खोल काळी. पाऊस साधारण बेताचा आणि बराचसा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडणारा. विहिरींना पाणी लागते ते बेसाल्टच्या भेगांमधले. एका शेतात चाळीस फुटांवर झरा आणि शेजारच्या शेतात तीनशे फूट बोअर कोरडे, हा इथला रोजचा अनुभव आहे. या भूगोलात एक गोष्ट आधीपासून लिहिलेली आहे. माथ्यावरच्या गावाच्या वाट्याला रस्ता येतो, पण पाणी त्याच्याजवळ थांबत नाही.

रस्त्याचा इतिहास फार जुना आहे. सिल्लोडच्या पूर्वेला असलेले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भरहुतच्या दानलेखांत या गावच्या लोकांची नावे आहेत. १९७० च्या दशकातल्या उत्खननात सातवाहनकाळातल्या संपन्न व्यापारी वस्तीचे अवशेष तिथे मिळाले. दक्षिणेतला माल घाट उतरून उत्तरेला जाणार, तो याच पट्ट्यातून. अजिंठ्याची पहिली लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकात खोदली गेली आणि दुसरा, मोठा टप्पा पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात झाला, तेव्हाही हा मार्ग वाहता होता. भिक्षू आडरानात राहिले खरे, पण दाते आणि व्यापारी ज्या वाटेने येत होते ती वाट त्यांच्यापासून फार दूर नव्हती. हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा लेख अजिंठ्यात आहे, तसा अंभईच्या पुढे जंजाळ्याच्या डोंगरातल्या घटोत्कच लेण्यातही आहे. अजिंठ्याला दरवर्षी लाखो लोक येतात, पण घटोत्कच लेण्याकडे जाणारा माणूस विरळाच. अंभईचे वडेश्वर मंदिर, केळगावजवळचे मुर्डेश्वर, हळदा घाटातून दिसणारा वेताळवाडीचा किल्ला, यांची दखल तर पर्यटनाच्या पत्रकांत एखाद्या ओळीपुरतीच असते. एका तालुक्याच्या आवाक्यात दीड-दोन हजार वर्षांचा एवढा सलग वारसा मराठवाड्यात फार थोड्या ठिकाणी सापडेल, असे मला वाटते.

मोगल काळात या वाटेला राजकीय वजन आले. मोगलांचे दख्खनमधले ठाणे बुऱ्हाणपूर आणि मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेली खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, यांना जोडणारी मुख्य वाट अजिंठ्याच्या घाटातून जात होती. फौजा, तोफा, बंजाऱ्यांचे धान्याचे तांडे आणि डाकेचे घोडे सगळे इथूनच जायचे. घाटाच्या पायथ्याला फर्दापूरला आणि माथ्यावर अजिंठ्याला सराया उभ्या राहिल्या त्या या वर्दळीसाठीच. पहिला निजाम-उल-मुल्क आसफजाह याने १७२७ मध्ये अजिंठा गावाला तटबंदी घातली. त्या तटाचे आणि दरवाज्यांचे अवशेष आजही गावात उभे आहेत.

ऑगस्ट १८०३ मध्ये शिंदे-भोसल्यांच्या फौजा हाच घाट चढून निजामाच्या मुलखात उतरल्या. २३ सप्टेंबर १८०३ ला खेळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात असईची लढाई झाली. वेलिंग्टन म्हणून पुढे युरोपात गाजलेला आर्थर वेलस्ली इथे जिंकला. त्याचे दीड हजारांहून अधिक सैनिक मेले किंवा जखमी झाले, मराठ्यांच्या बाजूची हानी तर याहून मोठी होती. जखमी इंग्रजी सैनिकांना अजिंठ्याच्या तटबंदीत आणून ठेवले गेले. सिल्लोड शहर आज ज्या नदीचे पाणी पिते, तीच खेळणा काही कोसांवर या रणांगणाला वळसा घालते. असई आज जालना जिल्ह्यात आहे. त्यामुळे सिल्लोडच्या शाळकरी मुलांना हा इतिहास दुसऱ्या जिल्ह्याचा वाटतो. नदीच्या हिशेबाने तो त्यांचाच आहे.

लढाईनंतर डोंगरात अस्वस्थता होती. अजिंठा-सातमाळ्याच्या रांगेतल्या भिल्लांनी कंपनी सरकारला अनेक वर्षे दाद दिली नाही. १८२५ मध्ये जेम्स औट्रमने खानदेशात भिल्ल पलटण उभारली ती त्यावरचा उपाय म्हणून. त्याचे नाव कन्नड-चाळीसगावच्या घाटाला आणि तिथल्या गौताळा-औट्रमघाट अभयारण्याला अजून चिकटले आहे, पण ज्यांच्याशी तो लढला त्या भिल्ल नाईकांची नावे कोणत्याही घाटाला नाहीत. याच काळात, २८ एप्रिल १८१९ रोजी, जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीच्या वेळी लेणी दिसली. रॉबर्ट गिल १८४४ मध्ये चित्रांच्या प्रतिकृती काढण्यासाठी नेमला गेला आणि अजिंठा गावात वर्षानुवर्षे राहिला. त्याची सहचरी पारो हिची कबर अजिंठ्यात आहे, त्यावर १८५६ हे साल कोरलेले आहे. घाटाखालच्या पळसखेड्याचे कवी ना. धों. महानोर यांनी या दोघांवर दीर्घकाव्य लिहिले, त्यावर २०१२ मध्ये चित्रपटही आला. या सगळ्या गोष्टीत सिल्लोड कुठेच नाही, कारण तेव्हा त्या भागातले मोठे गाव अजिंठा होते आणि तालुक्याचे ठिकाण भोकरदन. विसाव्या शतकाच्या आरंभी अजिंठा हैदराबादच्या सालारजंग घराण्याच्या जहागिरीत मोडत होता.

मग सिल्लोड पुढे कसे आले? याचे उत्तर शोधताना बहुधा राजकारणाकडे पाहिले जाते. मी आधी आगगाडीकडे पाहीन. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची मुख्य लाइन १८६० च्या दशकात डोंगराच्या उत्तरेने पाचोरा, जळगाव, भुसावळ अशी गेली. निजामाची हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास दक्षिणेने जालना, औरंगाबाद, मनमाड अशी आली. पहिल्या महायुद्धानंतर पाचोरा-जामनेर ही छोटी गाडी सुरू झाली, ती पहूरपर्यंत आली, पण घाटाखालीच थांबली. अशा रीतीने अजिंठ्याचा माथा दोन लोहमार्गांच्या मधोमध उरला आणि दोन्ही बाजूंनी साठ-सत्तर किलोमीटर दूर राहिला. कापूस जिथे गाडीत चढतो तिथे जिनिंग-प्रेसिंग उभे राहते, पेढ्या येतात, बँका येतात. म्हणून जालना आणि जळगाव वाढले. मधल्या पट्ट्याने बैलगाडीत कापूस भरून या किंवा त्या बाजूला नेला.

त्यातही उत्तरेकडे जाणाऱ्या मालाला सरहद्द आडवी होती. घाटाखालचा सोयगावचा पट्टा निजामाचा, त्यापलीकडचा खानदेश इंग्रजांचा. मध्ये करोडगिरीचे नाके, म्हणजे हैदराबाद संस्थानाची जकात. नाणेही वेगळे, हाली शिक्का एका बाजूला आणि कलदार रुपया दुसऱ्या बाजूला. पाहुणे, भाषा, बाजार आणि देवस्थाने एक असलेल्या लोकांमध्ये ही रेघ १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत टिकली. हैदराबाद मुक्तिसंग्रामात सरहद्दीवरच्या नाक्यांवर हल्ले का झाले, हे समजून घ्यायला हा रोजचा जाच लक्षात घ्यावा लागतो. नाका उठला आणि सिल्लोडच्या माणसाला जळगावची वाट मोकळी झाली. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि खानदेशाशी असलेली प्रशासकीय भिंतही पडली.

दुसरी गोष्ट मोटारीची. निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ मध्ये प्रवासी मोटारी सुरू केल्या. अजिंठ्याच्या चित्रांची जगभर वाहवा होऊ लागली होती, गुलाम याझदानींच्या देखरेखीखाली संस्थानचे पुरातत्त्व खाते लेण्यांची डागडुजी करत होते, आणि पाहुण्यांना औरंगाबादहून नेण्यासाठी चांगला रस्ता हवा होता. या रस्त्यावर औरंगाबाद आणि अजिंठा यांच्यामध्ये जिथे भोकरदनकडून आणि कन्नडकडून येणाऱ्या वाटा मिळतात, ते ठिकाण सिल्लोड. लोहमार्गाच्या काळात मागे पडलेली जागा मोटारीच्या काळात चौफुली झाली. पुढे ट्रक आले, एसटीचे आगार आले, तहसील, न्यायालय, पंचायत समिती, उपजिल्हा रुग्णालय, महाविद्यालय, बाजार समिती आली. भोकरदन १९८१ मध्ये नव्या जालना जिल्ह्यात गेले, तेव्हा उरलेल्या औरंगाबाद जिल्ह्याच्या ईशान्य कोपऱ्यात सिल्लोडला तोलामोलाचे दुसरे गाव राहिले नाही. नेत्यांनी यात भर घातली हेही खरे. पालोदचे माणिकराव पालोदकर यांच्यापासून राज्यात कृषिमंत्री झालेल्या अब्दुल सत्तार यांच्यापर्यंत सिल्लोडच्या आमदारांचा आवाज मुंबईत ऐकला गेला. जानेवारी २०२३ मध्ये राज्यस्तरीय कृषी महोत्सव जिल्ह्याच्या शहरात न भरता सिल्लोडला भरला. पण नेता चौफुली निर्माण करत नाही, तो आधीपासून असलेल्या चौफुलीचा उपयोग करतो.

२००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ४४ हजार होती, २०११ मध्ये ती सुमारे ५८ हजार झाली. दहा वर्षांत जवळपास एक-तृतीयांश वाढ. २०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणून आज नगर परिषद जो निधी, जे पाणी आणि जे सफाई कामगार मोजून मागते, त्याला आधार अजून २०११ चाच आहे. वाढीचे स्वरूप मात्र डोळ्यांना दिसते. जुने गावठाण दाट आहे, हिंदू-मुस्लिम वस्ती एकमेकींना लागून, गल्ल्या अरुंद, मराठीसोबत दखनी उर्दू सहज चालणारी. नवे शहर रस्त्यांच्या कडेने लांब पसरते. भोकरदनच्या, कन्नडच्या, संभाजीनगरच्या, अजिंठ्याच्या दिशेने शेतात प्लॉटिंग पडत जाते. यातले बरेच घेणारे बाहेरगावचे नसतात, तालुक्याच्याच सव्वाशेहून अधिक गावांतले असतात. भराडी, अंधारी, शिवना, घाटनांद्रा, आमठाणा इथल्या घराने मुलांच्या शाळेसाठी, आजी-आजोबांच्या दवाखान्यासाठी सिल्लोडात एक-दोन गुंठे घेतलेले असतात. शेत गावाकडे, चूल दोन ठिकाणी. सकाळी मोटारसायकलवर शेतात आणि संध्याकाळी परत, असे राहणारी कुटुंबे इतकी आहेत की सिल्लोडची खरी लोकसंख्या कोणती, हे रात्री मोजायचे की दिवसा, यावर ठरेल. नगररचनेच्या पुस्तकांत शहर म्हणजे कारखान्याने ओढून घेतलेली माणसे, असे धरलेले असते. सिल्लोडला मोठा कारखाना नाही. त्याला शेतीच्या पैशाने आणि शिक्षणाच्या आशेने वाढवले.

म्हणून पिकांबद्दल सविस्तर बोलायला हवे, कारण शहराची दुकाने पिकावर चालतात.

एके काळी या माथ्यावर ज्वारी-बाजरी आणि कापूस होता. आता खरिपात मका आणि कापूस ही दोन मोठी पिके, आणि बागायती हातात असेल तर मिरची आणि अद्रक. मक्याने ज्वारी-बाजरीला हटवले त्यामागे कारणे आहेत. संकरित बियाणे आले, एकरी उतारा दुप्पट-तिप्पट झाला, कोंबडीखाद्याचे आणि स्टार्चचे कारखाने विकत घेऊ लागले, आणि पाखरांचा उपद्रव ज्वारीइतका नाही. चारा म्हणून मक्याच्या धांड्यांना ज्वारीच्या कडब्याची सर येत नाही, याची खंत जुने शेतकरी बोलून दाखवतात. पण मळणी यंत्र दारात येते आणि नगद पैसा दिवाळीच्या आसपास हाती पडतो, ही सोय कोणालाही सोडवत नाही. २०१८ मध्ये भारतात शिरलेली अमेरिकन लष्करी अळी पुढच्याच खरिपात इथल्या मक्यावर तुटून पडली. पोंग्यात बसलेली अळी फवारणीला दाद देत नाही, तरीही लोकांनी मका सोडला नाही. अलीकडे इथेनॉलसाठी मक्याची मागणी वाढली. केंद्राने २०२५-२६ साठी आधारभूत भाव क्विंटलला २,४०० रुपये जाहीर केला. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ओला मका बाजार समितीत आला की ओलाव्याच्या नावाने भाव खाली येतो. चौदा टक्क्यांच्या आत ओलावा आणायला वाळवणीची जागा लागते. ती नसल्याने शेतकरी रस्त्याच्या कडेला, शाळेच्या पटांगणात, जागा मिळेल तिथे मका पसरतो. माझ्या मते तालुक्यात पाच-दहा ठिकाणी सामायिक वाळवणी यंत्रे आणि गोदामे उभी राहिली, तर क्विंटलमागे शेतकऱ्याच्या हाती पडणारी रक्कम कोणत्याही महोत्सवापेक्षा जास्त असेल. कोटनांद्रा परिसरासाठी मका संशोधन केंद्राला मंजुरी मिळाली आहे, त्याने वाणांबरोबर काढणीनंतरच्या या प्रश्नातही हात घालावा.

मिरचीची गोष्ट वेगळी आहे. एप्रिल-मे महिन्यात, विहिरी तळाला गेलेल्या असताना, ठिबक आणि मल्चिंगवर रोपे लावली जातात. जुलैपासून तोडा सुरू. शिवना, गोळेगाव, आमठाणा आणि शेजारच्या भोकरदन तालुक्यातले पिंपळगाव रेणुकाई इथे हंगामात संध्याकाळी बाजार भरतो आणि रात्री ट्रक भरले जातात. माल उत्तरेच्या राज्यांत जातो, काही देशाबाहेरही. तोडणीचे सगळे काम बायकांच्या हातांनी होते. रोज सकाळी रिक्षा-टेम्पो भरून मजूर बाया एका गावातून दुसऱ्या गावात जातात. बोटांची आग, उन्हातले वाकणे आणि किलोवर मिळणारी मजुरी, या तीन गोष्टींवर सिल्लोडच्या कृषी केंद्रांची, दुचाकीच्या शोरूमची, सराफ्याची उलाढाल उभी आहे. भाव चांगला मिळाला त्या वर्षी घरे बांधली गेली. फुलकिडे, चुरडामुरडा आला किंवा भाव पडला त्या वर्षी उधारीच्या वह्या फुगल्या. कापसावर २०१७ नंतर गुलाबी बोंडअळीचे संकट कायमचे बसल्यापासून मिरची आणि अद्रक यांच्यावरचा भरवसा वाढला. ही दोन्ही पिके पाणी मागतात, आणि तेही पाण्याची सर्वांत चणचण असलेल्या महिन्यांत.

पाण्याचा प्रश्न सिल्लोडच्या वाढीचा खरा गाभा आहे. शहराला पालोदजवळच्या खेळणा मध्यम प्रकल्पातून पाणी येते. अजिंठा-अंधारी आणि निल्लोड हे प्रकल्पही तालुक्यात आहेत. त्यांच्यामागे पाणलोट लहान आहे, कारण नदीचा उगम हाकेच्या अंतरावर. माथ्यावर धरण बांधले की त्यात येणारे पाणी वरच्या थोड्याशा टेकड्यांचेच असते. एक-दोन पाऊसकाळ कोरडे गेले की तळ दिसतो. १९७२ चा दुष्काळ जुन्या लोकांच्या आठवणीत आहे. २०१२-१३, २०१५-१६, २०१८-१९ ही वर्षे तरुणांच्याही आठवणीत आहेत. त्या उन्हाळ्यांत गावोगाव टँकर फिरले. धरणातले पाणी पिण्यासाठी राखीव झाले की काठच्या शेतकऱ्यांच्या मोटारींची वीज तोडली जाते. शहराच्या नळाला पाणी हवे म्हणून ज्याची मिरची वाळते, तोच शेतकरी शहरात प्लॉट घेऊन राहणारा असतो. गाव आणि शहर यांचा हा झगडा एका घरात, एका ताटावर येऊन बसतो.

आणि हेच डोंगर खाली किती जणांची तहान भागवतात ते पाहा. अजिंठ्याच्या दरीत उगम पावणाऱ्या वाघूरवर पुढे धरण आहे आणि जळगाव शहर त्याचे पाणी पिते. पूर्णेचे पाणी देऊळगाव राजाकडच्या खडकपूर्णा प्रकल्पात आणि त्याही पुढे १९६८ मध्ये पूर्ण झालेल्या येलदरीत साठते, ते हिंगोली-परभणीच्या शेतांना जाते. माथ्यावरच्या माणसाने पाणी अडवले की खालचे लोक तक्रार करतात, न अडवले की माथा कोरडा राहतो. या पेचावर मोठ्या धरणाने उत्तर मिळणार नाही, हे भूगोल सांगतो. उत्तर लहान लहान आहे. नाला खोलीकरण, पाझर तलावांची दुरुस्ती, माथ्यावरच्या वनजमिनीची राखण, आणि शहराने वापरलेल्या पाण्याचा शेतीसाठी पुनर्वापर. ५८ हजारांहून अधिक लोकांचे सांडपाणी हा सिल्लोडचा बारमाही झरा आहे. ते शुद्ध करून शेतीला द्यायची व्यवस्था नीट उभी राहिली तर उन्हाळ्यात शेजारच्या काही शेतांना तरी धरणाकडे पाहावे लागणार नाही. यावर जाहीर सभांमध्ये फारसे बोलले जात नाही. नव्या पाणीपुरवठा योजनेचे भूमिपूजन सोपे, गटारीचे भूमिपूजन कोणी करत नाही.

रस्त्याबद्दल थोडेच. संभाजीनगर-अजिंठा-जळगाव रस्त्याचे राष्ट्रीय महामार्गात रूपांतर आणि काँक्रीटीकरण सुरू झाले ते २०१८ च्या आसपास. पुढची काही वर्षे या पट्ट्याने धूळ, खड्डे आणि अर्धवट पूल यांच्यात काढली. लेण्यांकडे येणारे परदेशी पर्यटक या काळात घटले आणि वाटेवरच्या धाब्यांनी त्याचा फटका सोसला. आता रस्ता चांगला झाला तेव्हा पर्यटकांच्या गाड्या सिल्लोडला न थांबता पुढे जातात. संभाजीनगरपासूनचे पासष्ट किलोमीटर हे अंतर चहासाठीही लहान झाले. अजिंठ्याच्या पर्यटनातून सिल्लोडला किती मिळते, याचा हिशेब केला तर मक्याच्या एका हंगामाच्या तुलनेत तो नगण्य ठरेल, अशी माझी अटकळ आहे. तालुक्याच्या योजना पर्यटनाभोवती आखणे म्हणूनच चुकीचे वाटते. घटोत्कच, वडेश्वर, मुर्डेश्वर, वेताळवाडी यांना नीट रस्ता, फलक आणि राखणदार मिळावा. शहर मात्र त्यावर जगणार नाही.

आता आगगाडी. जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या लोहमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. अंदाजित खर्च ७,१०६ कोटी रुपये. मार्ग भोकरदन, सिल्लोड, अजिंठा असा जाणार आणि घाट उतरायला तेवीस किलोमीटरहून लांब बोगदा खोदावा लागणार. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी दोन बाजूंनी वळसा घालून गेलेला लोहमार्ग शेवटी माथ्यावरून जाणार आहे. सिल्लोडसाठी हा बदल १९४८ नंतरचा सर्वांत मोठा ठरू शकतो. मका, कापूस यांना डबा मिळेल. पुणे-मुंबईपर्यंत मजुरीला, शिकायला जाणाऱ्यांना स्वस्त वाट मिळेल. मिरचीला ट्रकचा वेग लागतो, ती कदाचित रस्त्यानेच जाईल.

पण स्टेशन कुठे होते यावर सगळे अवलंबून आहे. स्टेशनची जागा नुसती चर्चेत आली तरी जमिनीचे व्यवहार पेटतात, हे इतर गावांनी पाहिले आहे. संभाजीनगरजवळ शेंद्रा-बिडकीन औद्योगिक पट्ट्यात आणि समृद्धी महामार्गाच्या कडेला काय झाले ते फार जुने नाही. ज्याची जमीन गेली त्याला मोबदला मिळाला, ज्याची उरली ती दलालाने घेतली, आणि दहा वर्षांनी मोबदल्याच्या पैशाची गाडी आणि घर उरले, शेत गेले. सिल्लोडच्या भोवतीची खेळणेकाठची काळी जमीन ही तालुक्यातली उत्तम जमीन आहे. लोहमार्ग, गोदामे आणि नवे प्लॉट यांनी नेमकी तीच व्यापली तर शहराच्या पोटाला आधार देणारा तुकडाच कमी होईल. हलक्या, मुरमाड माळावर गोदामे आणि वस्ती, काळीवर शेती, एवढी साधी गोष्ट विकास आराखड्यात लिहून घेता येते. त्यासाठी नगर परिषद, तालुक्यातल्या ग्रामपंचायती आणि महसूल खाते यांनी रेल्वेची मोजणी पूर्ण होण्याआधी एका टेबलावर बसायला हवे.

जनगणना २०२७ मध्ये होणार आहे. तिचे आकडे आले की सिल्लोड लाखाच्या किती जवळ पोहोचले ते कळेल. नगर परिषदेचा वर्ग लोकसंख्येवर ठरतो. लाख ओलांडला की 'अ' वर्ग, त्याबरोबर वाढीव निधी आणि वाढीव जबाबदारी. तेव्हा आजूबाजूची गावे हद्दीत घ्यायची का, हा प्रश्न येईल. पालोदसारखी महामार्गालगतची गावे आताच शहराशी जोडल्यासारखी झाली आहेत. हद्दवाढीला गावांचा विरोध असतो तो करामुळे. तो विरोध समजण्यासारखा आहे, कारण कर आधी येतो आणि नळ मागाहून. पहिल्या पाच वर्षांत पाणी आणि गटार पोहोचवल्याशिवाय वाढीव घरपट्टी लावणार नाही, असे नगर परिषदेने लेखी दिले, तर बोलणी वेगळ्या पायावर होतील. आणि खेळणा प्रकल्पातून शहराला किती पाणी आरक्षित करायचे, काठच्या शेतीला किती ठेवायचे, याचा करार उन्हाळ्यात भांडण पेटल्यावर करण्यापेक्षा दरवर्षी ऑक्टोबरमध्ये, धरणात पाणी किती आहे ते दिसल्यावर, शेतकऱ्यांना बसवून करावा.